पंचवटी आणि गोदाघाट बघायचाय? आधी पुराचं पाणी कुठवर येतं ते समजून घ्या

तुम्ही विचारलंय की दीड-दोन दिवस हातात आहेत, नाशिकचा गोदाकाठ म्हणजे पंचवटी आणि पलीकडचं जुनं नाशिक नीट बघायचंय, नुसतं दर्शन नको तर इतिहास कळला पाहिजे, आणि घाटावरचे गाईड जे सांगतात त्यातलं किती खरं धरायचं. मी जुन्या दगडी वास्तूंच्या डागडुजीचं काम करतो, या घाटावरही केलंय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल आणि माझ्या बाजूला झुकलेलं असेल, तेवढं चालवून घ्या.

पहिली गोष्ट, देवळांची यादी घेऊन फिरू नका. घाटावर लहानमोठी इतकी देवळं आहेत की दुपारपर्यंत सगळी एकसारखीच दिसायला लागतात. त्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी उभं राहून एकच प्रश्न विचारा, पूर आला की पाणी इथे कुठवर येतं? हा अख्खा भाग त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर बांधलेला आहे. काय पाण्यात बुडालं तरी चालेल, काय कधीतरीच भिजलं पाहिजे आणि काय कधीच भिजता कामा नये हे बांधणाऱ्यांनी आधी ठरवलं आणि मग दगड रचले. हे एकदा डोळ्यांत बसलं की कुठला गाईड थापा मारतोय तेही आपोआप कळायला लागतं.

थोडी भूगोलाची उजळणी. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून निघते, तीसेक किलोमीटरवर नाशिकला येते, मधे गंगापूर धरण, मग सोमेश्वर, आनंदवली (राघोबादादांनी इथे वाडा बांधला होता, आनंदीबाईंच्या नावावरून गावाचं नाव), आणि मग अहिल्याबाई होळकर पुलाखालून ती रामकुंडाशी येते आणि तिथे दक्षिणेकडे वळते. डाव्या काठाला पंचवटी, उजव्या काठाला जुनं नाशिक. नाशिककर नदीला गोदावरी फारसं म्हणत नाहीत, गंगाच म्हणतात, म्हणजे कोणी गंगेवर चाललोय म्हणाला तर तो घाटावर भाजी आणायला चाललाय असं समजा, बुधवारचा बाजार तिथेच भरतो.

सुरुवात होळकर पुलापासून करा. हा जुना व्हिक्टोरिया पूल, इंग्रजांच्या काळातला. सकाळी लवकर पुलावर उभे राहा आणि खाली प्रवाहाच्या दिशेने बघा, सगळा घाट एका नजरेत येतो. पावसाळ्यात बातम्यांमध्ये "होळकर पुलाखालून इतके हजार क्युसेक" असं जे ऐकता ते हेच ठिकाण. पुलाच्या जुन्या नाशिककडच्या टोकाला सुंदरनारायण मंदिर आहे, १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेलं. मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमाराला सूर्योदयाचे किरण थेट मूर्तीवर पडतात अशी त्याची दिशा धरलेली आहे. याचे दगड झिजून पार ढिले झाले होते म्हणून पुरातत्त्व खात्याने काम काढलं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. लोक वैतागले, पण दगड उतरवायचा, नंबर टाकायचे, खराब असेल तर तसाच नवा घडवायचा, चुन्यात बसवायचा, हे घाईत होत नाही हो. घाई केली की मग सिमेंट येतं, त्याबद्दल पुढे बोलतो.

आता पूल ओलांडून रामकुंड. इथे गाईड लोक सुरू होतील की रामाने इथे स्नान केलं, वडिलांचं श्राद्ध केलं. श्रद्धेचा भाग आहे, त्यावर मी वाद घालत नाही. पण बांधकाम म्हणाल तर कुंडाचं मूळ बांधकाम १६९६ चं असं गॅझेटियर (इंग्रजांच्या काळातला जिल्ह्याचा माहितीग्रंथ) सांगतं आणि पुढे पेशवाईत त्यात बरीच सुधारणा झाली. इथे अस्थी विरघळतात असं मानतात, त्यामुळे देशभरातून लोक येतात. महात्मा गांधींच्या अस्थीही इथे विसर्जित झाल्या, शेजारच्या कुंडाला गांधी तलाव म्हणतात ते त्यामुळेच.

इथे एक वादाचा विषय आहे तो माहीत असू द्या. आज जे दिसतं ते सलग एकच पात्र असल्यासारखं वाटतं, पण जुन्या नकाशांमध्ये इथे वेगवेगळी कुंडं आहेत, लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, सीताकुंड, अशी बरीच नावं. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या गर्दीसाठी तळाला काँक्रीट टाकलं गेलं, आणि स्थानिक लोकांचं म्हणणं असं की त्याने तळातले जिवंत झरे बुजले, आता उन्हाळ्यात धरणातून पाणी सोडल्याशिवाय कुंडात पाणी राहत नाही. कोर्टकचेऱ्या झाल्या, काही भागातलं काँक्रीट काढलंही. माझं मत विचाराल तर नदीच्या तळाला काँक्रीट घालणं हा बांधकामाच्या दृष्टीनेही आडमुठेपणा आहे, कारण खालून पाण्याचा दाब येतो तो जायला वाट मिळत नाही आणि मग ते कडेच्या जुन्या पायऱ्यांच्या सांध्यातून फुटतं.

कुंडाच्या वर पायऱ्या चढून कपालेश्वर. शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही, त्याची कथा तिथे कोणीही सांगेल (नंदीने शंकराला ब्रह्महत्येच्या पापातून सुटायचा मार्ग दाखवला, म्हणून तो गुरू, म्हणून समोर बसवला नाही). मला मात्र त्या पायऱ्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. वर पोहोचलात की मागे वळून बघा आणि किती उंच आलात याचा अंदाज घ्या. मुख्य देऊळ वर आणि स्नानाची जागा खाली, मधे जी उंची आहे ती पुरासाठी सोडलेली आहे. आणि याच्या उलट घाटावरची ती बुटकी, जाड भिंतींची, एखाद-दुसरं दार असलेली छोटी छोटी देवळं बघा, ती जवळजवळ दर मोठ्या पावसाळ्यात पूर्ण पाण्याखाली जातात, पाणी ओसरलं की गाळ काढतात, धुतात, पुन्हा दिवा लागतो. पाण्याला अडवायला लांब भिंत नाही, आत शिरलं तरी वाहून जाईल असं हलकं काही नाही, वजन सगळं खाली. वाहून गेल्याच्या बातम्या येतात त्या बहुतेक टपऱ्यांच्या, पत्र्याच्या शेडच्या आणि पार्क केलेल्या गाड्यांच्या.

तिथून थोडं खाली नदीपात्रातच दुतोंड्या मारुती. दोन्ही बाजूंना तोंड असलेली उंच मूर्ती, उन्हाळ्यात तिच्या पायाशी पोरं खेळत असतात, पर्यटक सेल्फी काढून पुढे जातात. पण नाशिककरांसाठी ही पूर मोजायची पट्टी आहे. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी भाषा असते. छातीच्या वर गेलं की भांडी बाजार आणि सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला घेतात. आता मोबाईलवर विसर्गाचे आकडे येतात तरी आधी "मारुतीला कुठवर आलंय?" हाच प्रश्न, कारण क्युसेकचा आकडा ऐकून आपलं दुकान भिजणार का हे कळत नाही, मारुतीवरून कळतं. २००८ च्या सप्टेंबरमध्ये आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी असं वर गेलं होतं की घाटाची ओळखच पुसली होती. आणि गंगापूर धरण आहे मग पूर का, असं बाहेरचे लोक नेहमी विचारतात. धरण पिण्यासाठी आणि शेतीसाठी बांधलंय, १९६५ चं मातीचं धरण, साठा साडेपाच टीएमसीच्या आसपास, ते ऑगस्टमध्ये भरत आलं की वरून आलेलं पाणी खाली सोडावंच लागतं. शिवाय धरणाच्या खालच्या अंगाला शहराचा जो पसारा वाढलाय त्याचं सगळं पावसाचं पाणी नाल्यांमधून थेट नदीत येतं, ते धरणाच्या हातात नाहीच.

दुतोंड्यापासून थोडं खाली, पंचवटीच्याच काठाला, नारोशंकराचं मंदिर. खरं नाव रामेश्वर, पण बांधणाऱ्याच्या नावानेच ओळखतात. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर, मालेगावचा भुईकोट बांधणारे तेच. मंदिर १७४७ चं. घाटावर एकच देऊळ वेळ देऊन बघायचं तर हे बघा. काळ्या बेसॉल्टमध्ये केलेलं कोरीव काम आहे, शिखरावर प्राणी, माणसं, वेलबुट्टी, आणि सगळ्याला चारी बाजूंनी तटबंदी, कोपऱ्यात छत्र्या. आणि पुढच्या भिंतीवर मधोमध ती सुप्रसिद्ध घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्या विजयाची आठवण, मूळची चर्चची घंटा. अशा पोर्तुगीज घंटा महाराष्ट्रात बऱ्याच देवळांत आहेत, पण इतक्या दिमाखात दर्शनी भिंतीवर बसवलेली ही विरळाच. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला जुने नाशिककर "नारोशंकराची घंटा" म्हणतात ते यावरूनच. आणि पुन्हा पाण्याचा हिशोब: १९६९ च्या महापुरात या घंटेपर्यंत पाणी आलं होतं असं त्या वेळचे लोक सांगतात. घंटेखाली उभे राहा, वर बघा आणि मग मागे वळून नदी किती खाली आहे ते बघा, १९६९ म्हणजे काय ते पोटात गोळा येऊन कळेल.

या देवळाची तटबंदी पुरासाठी मुद्दाम केली होती का असं विद्यार्थी विचारतात. कागदपत्र दाखवता येणार नाही, पण दगड बघितले की शंका राहत नाही. नदीकडची बाजू भक्कम आणि जवळजवळ बंद, खालचे थर मोठ्या घडीव दगडांचे. या काळातल्या चांगल्या बांधकामात चुना चांगला मळून, मुरवून वापरत आणि तो दगडापेक्षा थोडा मऊ राहतो, पाणी आत गेलं तर सांध्यातून बाहेर पडतं. आता सिमेंटचं. मागच्या काही दशकांत घाटावर जिथे जिथे सांधे सिमेंटने भरले तिथे बघा, पाणी सांध्यातून निघू शकत नाही, मग दगडातूनच निघतं, सोबत क्षार घेऊन येतं, पांढरे डाग पडतात आणि काही वर्षांत दगडाचा पापुद्रा सुटायला लागतो, आणि वरून ऑइलपेंट मारला असेल तर विचारूच नका. तुम्ही स्वतः शोधा, पांढरट डाग आणि पापुद्रे दिसले की शेजारचा सांधा करड्या रंगाचा सिमेंटचाच निघेल.

आता काळाराम, आणि इथे मी पाण्यापासून जरा लांब जाणार. हे मंदिर नदीपासून आत, उंचावर, पुराचा प्रश्नच नाही. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात बांधलं, दगड रामशेजच्या डोंगरातून आणला असं सांगतात, काम बारा वर्षं चाललं. आत गेल्यावर गर्दीत मूर्ती बघून बाहेर पडू नका, तटाच्या आतून ओवऱ्यांमधून एक फेरी मारा, सभामंडप देवळापासून वेगळा उभा आहे ते बघा, आणि दगडाचं काम किती साधं, किती मापात आहे ते बघा, नारोशंकरासारखी नक्षीची हौस इथे नाही.

पण काळारामचा खरा इतिहास माझ्या मते १९३० चा आहे आणि तो न सांगता जो गाईड पुढे जातो त्याला पैसे देऊ नका. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, अस्पृश्य मानलेल्यांना आत येऊ द्यावं म्हणून, मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक बाजू भाऊराव म्हणजे दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे अशा लोकांनी उचलली होती. मोठी मिरवणूक मंदिरापाशी आली तर दरवाजे बंद, मग ती तशीच गोदाघाटावर गेली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर तुकड्या बसल्या, पुरुष आणि बाया दोन्ही. एप्रिलमधल्या रामाच्या रथाच्या मिरवणुकीच्या दिवशी दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढायचा असं ठरलं होतं ते मोडलं आणि दगडफेक झाली. हा लढा एक-दोन महिन्यांचा नव्हता, पाच वर्षं चालला, दरवाजे उघडले नाहीत, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी "हिंदू म्हणून मरणार नाही" ही घोषणा केली. म्हणजे या दरवाजापासून निघालेली वाट पुढे नागपूरच्या १९५६ च्या धम्मदीक्षेपर्यंत जाते. चारही दरवाजे स्वतः फिरून बघा आणि बंद दारासमोर उन्हात बसून राहणं म्हणजे काय ते मनात आणा.

रथाचा विषय निघालाय तर, चैत्रात कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात, दोन्ही माणसं ओढतात. गरुडरथ नदी ओलांडून जुन्या नाशकात जातो, रामरथ नदी ओलांडत नाही. तुमच्या तारखा जुळत असतील तर हे चुकवू नका, आणि रंगपंचमी जुळत असेल तर रहाडी बघा. रहाड म्हणजे पेशवेकालीन दगडी हौद, एरवी रस्त्याखाली झाकलेले असतात, वरून गाड्या जातात, कोणाला पत्ताही लागत नाही, रंगपंचमीच्या आधी खोदून उघडतात, पूजा होते, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, आणि लोक त्यात धपाधप उड्या मारतात. पंचवटीतली शनी चौकात आहे.

सीता गुंफा आणि पाच वड काळारामच्या जवळच. रांग मोठी असते, आत वाकून, बसून सरकावं लागतं, दमा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर सरळ टाळा. रामायणकालीन म्हणून जे दाखवतात त्याबद्दल एवढंच सांगतो, आज पंचवटीत जे बांधकाम दिसतं ते जवळपास सगळं अठराव्या शतकातलं किंवा त्यानंतरचं आहे. मोगलाईत या गावाचं नाव गुलशनाबाद होतं, मराठ्यांकडे आल्यावर पुन्हा नाशिक झालं आणि मग पेशवे, त्यांचे सरदार, सावकार यांनी पैसा ओतला म्हणून हा घाट असा दिसतो.

काळारामकडून सरदार चौकातून रामकुंडाकडे उतरताना गल्लीचा उतार आणि रुंदी लक्षात घ्या. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला याच भागात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. पुढचं सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, त्यामुळे आता आलात तर घाटावर बरंच खोदकाम आणि बांधकाम दिसेल, रस्ते बंद असतील, चौकशी करूनच निघा. एक माहिती जाता जाता: वैष्णवांचे तीन आखाडे, दिगंबर, निर्वाणी आणि निर्मोही, हे रामकुंडावर स्नान करतात आणि शैव आखाडे त्र्यंबकला, ही वाटणी पेशवाईतल्या भांडणानंतरची.

आता पलीकडे जुन्या नाशकात. रामसेतूवरून किंवा गाडगे महाराज पुलावरून जा. आधी यशवंतराव महाराज पटांगण, इथे देवमामलेदारांचं मंदिर आहे. यशवंत महादेव भोसेकर, सटाण्याचे मामलेदार, १८७० च्या सुमाराच्या दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटून टाकला म्हणून लोकांनी देव केलं, नाशकात १८८७ मध्ये वारले. याच पटांगणावर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला होते, १९२२ पासूनची. नदीपात्राच्या काठावर खुर्च्या टाकून संध्याकाळी व्याख्यान ऐकायचं ही इथली फार छान गोष्ट आहे, आणि मेमध्येच का तर तेव्हा पाणी येत नाही!

मग भांडी बाजार, सराफ बाजार आणि सरकारवाडा. सरकारवाडा पेशवेकालीन, आता पुरातत्त्व खात्याकडे, आतला लाकडी काम असलेला चौक बघण्यासारखा आहे. पण मी तुम्हाला पायऱ्यांवर थांबवणार. उजव्या काठाची पट्टी ही, दुतोंड्या बुडाल्यावर "सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला पाणी?" हा पुढचा प्रश्न. वाड्याचं जोतं इतकं उंच घेतलंय ते थाटासाठी असेलच, पण बाजारात उभं राहून जोत्याची उंची बघितली की दुसरं कारणही समजतं. जुने वाडे बघा, खालचा भाग दगडी आणि वर सागाचा सांगाडा, विटा, माती. दगड भिजून वाळतो, मातीची भिंत तळातून भिजली की बसते, एवढं साधं गणित. आणि सराफ बाजारात पाणी नेहमी नदीकडूनच चालत येतं असं समजू नका, दहीपुलाच्या खालून सरस्वती नाला गेलाय, तो झाकलाय म्हणून सगळे त्याला विसरलेत, पण नदी चढली की नाल्याचं पाणी तुंबतं आणि बाजारात आतून वर येतं.

वेळ उरला तर याच काठाला काझीची गढी, जुनी मातीची गढी. इथे पर्यटक येत नाहीत आणि बघायला म्हणाल तर नदीकाठचा एक मातीचा उंचवटा आणि त्यावर दाटीने घरं. पण नाशिकचा सगळ्यात जुना पुरावा इथला. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं आणि थरांखाली थर मिळत ताम्रपाषाण काळापर्यंत गेले. सातवाहनांच्या काळातलं नाशिकही इथेच, पांडवलेण्यातल्या (शहराजवळची बौद्ध लेणी) चैत्यगृहावर, म्हणजे प्रार्थनेच्या दालनावर, नासिककरांच्या दानाचा लेख आहे, ते नासिककर कुठे राहत असतील तर या बाजूला. म्हणजे पहिल्या माणसांनी जागा निवडताना पुराच्या वरची उंच जागाच निवडली. आता गंमत अशी की तीच गढी पावसाळ्यात खचते, कडेची माती नदीत जाते, दर वर्षी तिथल्या लोकांना हलायला सांगतात, कोणी जातं, कोणी जात नाही. तिथे गेलात तर कडेला उभं राहून फोटो काढू नका, आणि लोकांच्या घरात डोकावू नका, ती वस्ती आहे.

तपोवन दुसऱ्या दिवशी ठेवा, रिक्षाने जा. कपिला-गोदावरी संगम, लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ती जागा, असं सगळं आहे, खडकात पाण्याने कोरलेल्या घळी मात्र खरंच बघण्यासारख्या आहेत. शहराचं सांडपाणी शुद्ध करायचं केंद्रही याच बाजूला आहे, त्यामुळे उन्हाळ्यात पाण्याला वास असतो, सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये बरं असतं. पावसाळ्यात येणार असाल तर गंगापूरमधून विसर्ग सुरू आहे का ते आदल्या दिवशी बघा, आणि असेल तर गाडी घाटावर पार्क करायची नाही, तिथला माणूस कितीही म्हणाला की काही होत नाही तरी.